दोर, फुलं आणि दगड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

युगांडा म्हटलं की आपल्याकडे अजूनही पहिलं नाव आठवतं ते इदी अमीनचं. १९७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने फर्मान काढलं आणि नव्वद दिवसांच्या आत हजारो भारतीय कुटुंबांना घरं, दुकानं, पेढ्या जिथल्या तिथे टाकून देश सोडावा लागला. माणसं हाकलून देणारा देश, अशी त्याची ओळख आपल्या मनात पक्की बसली आहे. गंमत अशी की आज तोच युगांडा आफ्रिकेत सर्वांत जास्त निर्वासितांना आसरा देतो. दक्षिण सुदान, काँगो, सोमालिया, रवांडा, बुरुंडी अशा देशांतून आलेली पंधरा लाखांहून अधिक माणसं तिथे राहतात. तारेच्या कुंपणाआडच्या छावणीऐवजी त्यांना मोकळ्या वसाहतीत जमिनीचा छोटा तुकडा मिळतो. २००६ च्या कायद्याने काम करण्याचा आणि देशात हिंडण्या-फिरण्याचा हक्कही मिळतो.

निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युरोपच्या किनाऱ्याला लागलेल्या होड्या येतात. प्रत्यक्षात जगातल्या दर दहा निर्वासितांपैकी सात जण गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतच असतात. ते साहजिकही आहे. घर पेटलं की माणूस पहिल्यांदा शेजाऱ्याच्या दारात जातो, आणि शेजारी बहुधा आपल्याइतकाच गरीब असतो.

अशा देशात आलेल्या माणसाला धान्य द्यायचं, पाणी द्यायचं, डोक्यावर ताडपत्री द्यायची, हे सगळं अवघड असलं तरी मोजता येतं. इतकी माणसं, इतकी पोती. पण ज्याने आपल्या डोळ्यांदेखत घरचं माणूस मारलं गेलेलं पाहिलं, त्याच्या मनाचं काय करायचं? युगांडाचं राष्ट्रीय मनोरुग्णालय राजधानी कंपालात आहे. आणि नकिवाले ही जुनी निर्वासित वसाहत आहे देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, टांझानियाच्या सीमेजवळ. तिथल्या प्रत्येकाला तज्ज्ञ डॉक्टरपर्यंत नेणं शक्य नाही. मग दुसरा काही मार्ग आहे का? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या प्रश्नाचं जे उत्तर हळूहळू तयार होत गेलं, त्याविषयी आज बोलायचं आहे.

आपल्या भाषेत 'धसका घेणं' असा शब्दप्रयोग आहे. 'त्याने हाय खाल्ली' असंही आपण म्हणतो. भीती मनात शिरली आणि शरीरात घर करून बसली, हे आपल्या आज्यांना पुस्तकं न वाचता ठाऊक होतं. इतर भाषांतही असे शब्द आहेत. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर 'इहाहामुका' हा शब्द फार ऐकू येऊ लागला. छातीत फुप्फुसंच उरली नाहीत, श्वासच घेता येत नाही, असा काहीसा त्याचा भाव. कंबोडियात 'बाक्सबात' म्हणतात, म्हणजे धैर्य मोडून पडणं. डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, असं स्वतंत्र नाव १९८० मध्ये मिळालं.

हे नेमकं होतं कसं? समजा, एक बाई आहे. तिच्या गावावर रात्री हल्ला झाला, झोपड्यांची छपरं पेटवली गेली, ती लेकरांना घेऊन पळाली. आता या गोष्टीला सात वर्षं झाली. ती दुसऱ्या देशात आहे, सुरक्षित आहे. एके दिवशी शेजारीण अंगणात वाळकं गवत जाळते. धुराचा वास येतो आणि ही बाई जागच्या जागी थिजते. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. तिला काही 'आठवत' नसतं, ती पुन्हा तिथेच असते. आठवण येणं वेगळं आणि आठवणीत जाऊन पडणं वेगळं.

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातले थॉमस एल्बर्ट, मॅगी शाउअर आणि फ्रँक नॉयनर यांनी याची उकल 'गरम' आणि 'थंड' स्मृती अशा साध्या शब्दांत केली. कुठे, कधी, कशानंतर काय झालं, हा तपशील म्हणजे थंड स्मृती. दिसलेलं, ऐकलेलं, वास, भीती, अंगाचा थरकाप म्हणजे गरम स्मृती. एरवी या दोन्ही एकमेकींना बांधलेल्या असतात. लग्नाचा दिवस आठवला की तारीखही आठवते आणि झेंडूचा वासही. पण जीवघेण्या प्रसंगात भीती इतकी तीव्र असते की गरम भाग खोल डागला जातो आणि 'हे केव्हा, कुठे' हा भाग त्याला नीट चिकटतच नाही. मग त्या आठवणीला काळ उरत नाही. धूर दिसला की ती आत्ताच घडू लागते. माणूस धुरापासून दूर पळतो. हळूहळू चूल पेटवणं टाळतो, बाजारात जाणं टाळतो, माणसांना टाळतो. जे टाळलं जातं ते कधी थंड होत नाही.

अशा वेळी आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'झालं गेलं विसरून जा.' दुसरा, 'एकदा रडून मोकळी हो.' दोन्ही प्रेमापोटीच दिलेले असतात, पण पहिला पाळता येत नाही आणि दुसरा पुरा पडत नाही. या तिघांनी जी पद्धत बसवली, तिचं नाव कथनातून उपचार. ती या दोन सल्ल्यांपेक्षा वेगळी आहे.

पहिल्या बैठकीत जमिनीवर एक दोर पसरतात. दोराचं एक टोक म्हणजे जन्म. दुसरं टोक गुंडाळलेलंच ठेवायचं, कारण पुढचं आयुष्य अजून उलगडायचं आहे. मग त्या माणसाने आपल्या आयुष्यातल्या चांगल्या प्रसंगांसाठी दोरावर फूल ठेवायचं आणि वाईट प्रसंगांसाठी दगड. मोठ्या दुःखाला मोठा दगड. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही हे लगेच कळतं. अख्खं आयुष्य पायाशी एका नजरेत दिसतं, आणि दगडांच्या मधे फुलंही आहेत हेही दिसतं.

पुढच्या बैठकींत त्या माणसाने जन्मापासून आपली गोष्ट क्रमाने सांगायची आणि समुपदेशकाने ती ऐकून लिहून घ्यायची. फुलांपाशी थोडं थांबायचं. दगड आला की मात्र घाई करायची नाही. तिथे चाल अगदी संथ होते. त्या वेळी काय दिसलं? कसला आवाज होता? अंगात काय होत होतं? मनात काय आलं? आणि आत्ता, इथे बसून सांगताना अंगात काय होतंय? तेव्हा आणि आत्ता, तेव्हा आणि आत्ता, असं पुन्हा पुन्हा जायचं-यायचं. भीती चढते, शिगेला पोचते, आणि बोलणं चालू राहिलं तर उतरूही लागते. ती उतरल्याशिवाय बैठक संपवायची नाही, हा नियम. माणसाला दगडापाशी एकटं सोडून घरी पाठवायचं नाही. पुढच्या खेपेला लिहिलेलं वाचून दाखवायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं, आणि पुढे जायचं. असं करता करता त्या गरम आठवणीला जागा आणि तारीख चिकटते. हे झालं होतं, तिथे झालं होतं, आणि ते संपलं.

शेवटच्या बैठकीत संपूर्ण गोष्ट वाचली जाते, तिच्यावर सह्या होतात आणि तो कागद त्या माणसाच्या हाती दिला जातो. हवी असल्यास ती अत्याचाराची साक्ष म्हणूनही वापरता येते. या कल्पनेचं मूळ लॅटिन अमेरिकेत आहे. चिलीत पिनोशेच्या लष्करी राजवटीत छळ सोसलेल्यांच्या जबान्या नोंदवता नोंदवता त्या माणसांना बरं वाटू लागतं, असं तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. त्यावरचा लेख १९८३ मध्ये लेखिकांनी टोपणनावाने छापला. खरं नाव देण्याची सोयच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकायला छान आहे, पण याने गुण येतो कशावरून? उत्तर युगांडातल्या इम्वेपी वसाहतीत सुदानी निर्वासितांबरोबर झालेल्या एका अभ्यासात मिळालं आणि ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. अभ्यास करणाऱ्यांत उन्नी करुणाकरा हे भारतीय डॉक्टरही होते, जे पुढे 'सीमेविना डॉक्टर' या संघटनेचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले. फक्त त्रेचाळीस माणसं. काहींना कथनाच्या चार बैठकी मिळाल्या, काहींना आधार देणाऱ्या समुपदेशनाच्या चार, तर काहींना केवळ या विकाराची माहिती एकदा समजावून दिली. वर्षभराने पाहिलं तेव्हा कथन केलेल्यांपैकी २९ टक्के लोकांमध्ये विकार उरला होता. बाकी दोन्ही गटांत तो ८० टक्क्यांच्या आसपास होता.

पण गट लहान होते. शिवाय खरा प्रश्न शिल्लकच होता : हे काम शिकलेल्या तज्ज्ञांनाच जमतं की कोणालाही शिकता येईल? म्हणून पुढचा अभ्यास नकिवालेमध्ये झाला, तो २००८ चा. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं पान तेच वाटतं. तिथल्या निर्वासितांमधूनच काही जण निवडले. अट काय? लिहिता-वाचता यावं, आपली भाषा आणि इंग्रजी यावी, आणि दुसऱ्याचं दुःख समजून घेण्याची वृत्ती असावी. त्यांना सहा आठवडे शिकवलं. मग रवांडा आणि सोमालियातून आलेल्या, विकाराने ग्रासलेल्या २७७ जणांचे तीन गट केले. एकाला कथनाच्या सहा बैठकी, दुसऱ्याला तितकंच पण लवचीक स्वरूपाचं समुपदेशन, तिसऱ्या गटाची फक्त पाहणी.

सहा महिन्यांनी कथनाच्या गटातले सुमारे ७० टक्के लोक विकाराच्या व्याख्येतून बाहेर आले होते. समुपदेशनाच्या गटातले ६५ टक्के. आणि नुसती पाहणी झालेल्यांतले ३७ टक्के.

हे आकडे नीट बघायला हवेत, कारण ते आपल्या सोयीचे नाहीत. पद्धत काढणाऱ्यांची अपेक्षा असणार की कथनाचा गट खूप पुढे जाईल. तसं झालं नाही, दुसरी पद्धत जवळजवळ बरोबरीत आली. मधेच सोडून जाणारे मात्र कथनाच्या गटात फक्त ४ टक्के होते आणि दुसऱ्या गटात २१ टक्के. आपली गोष्ट अर्धवट राहिलेली कोणाला आवडणार? श्रीलंकेतही असाच अनुभव आला. २००४ च्या त्सुनामीनंतर ईशान्य भागातल्या छावणीत एकतीस मुलांवर हा प्रयोग झाला. एका गटाला कथन, दुसऱ्याला ध्यान आणि शिथिलीकरण. सहा महिन्यांनी ८१ टक्के आणि ७१ टक्के मुलं बरी होती. पण तिथे काहीच उपचार न दिलेला गट नव्हता, त्यामुळे यातली किती मुलं आपोआप सावरली असती ते सांगता येत नाही. नकिवालेतल्या त्या ३७ टक्क्यांकडेही दुर्लक्ष करू नये. माणसाचं मन पुष्कळदा स्वतःच भरून येतं.

तेव्हा कोणती पद्धत जिंकली हा वाद अभ्यासकांनी घालावा. माझ्या दृष्टीने लक्षात ठेवण्याची गोष्ट वेगळी आहे. उपचार करणारी माणसं वसाहतीतलीच होती, तिथलीच भाषा बोलत होती, आणि तरीही बरे होणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या पाहणीच्या जवळजवळ दुप्पट झालं.

इथे एक सावधगिरी. यावरून कोणी असं समजू नये की दुर्घटना घडली रे घडली की माणसाला पकडून बोलतं करावं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत मधे फार बोकाळली होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायही होऊ शकतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नये असा सल्ला दिला. ताज्या घटनेनंतर हवी असते सुरक्षितता, घरच्यांचा ठावठिकाणा, घोटभर पाणी. बोलायचं असेल त्याचं ऐकावं, नसेल त्याला गप्प बसू द्यावं. आणि भ्रम होणारे, फिट्स येणारे, जीव द्यायला निघालेले, यांना दोर आणि दगड पुरत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर आणि औषधं लागतातच.

या सगळ्यावर एक मोठा आक्षेप आहे. डेरेक समरफील्ड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९९९ मध्ये तो सडेतोड मांडला. त्यांचं म्हणणं, युद्धाने होणारं दुःख हे सामाजिक दुःख आहे, त्याला पाश्चात्त्य वैद्यकातलं लेबल लावून आजार का ठरवता? लोकांना न्याय हवा आहे, जमीन हवी आहे, काम हवं आहे, आणि तुम्ही समुपदेशक पाठवता. मला हा आक्षेप अर्धा पटतो. धुराने थिजणाऱ्या बाईची अडचण खरी आहे, तिला जमीन मिळाली तरी ती चूल पेटवू शकणार नाही. पण वसाहतीतल्या सगळ्यांचं दुःख त्या जातीचं नसतं, हेही तितकंच खरं. केनियातल्या दादाब इथल्या सोमाली निर्वासितांमध्ये 'बूफिस' नावाचा एक शब्द आहे. दुसऱ्या एखाद्या देशात कायमचं जायला मिळावं, या आशेने माणूस आतून फुगतो, आणि वर्षानुवर्षं बोलावणं येत नाही तेव्हा त्याचं चित्त ठिकाणावर राहत नाही. हे भूतकाळाचं दुखणं नव्हे, उद्याचं आहे. केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की युद्धाच्या अनुभवाइतकेच रोजचे ताण मनाला पोखरतात. अपुरा शिधा, रिकामे हात, घरातली मारहाण, एकटेपण.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रं आणि मदतसंस्थांच्या संयुक्त समितीने २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मानसिक मदतीचा एक त्रिकोण काढला. आपण त्याला उतरंड म्हणू. सर्वांत खालचं, सर्वांत मोठं मडकं म्हणजे सुरक्षितता आणि अन्नपाणी, तेही माणसाचा मान राखून दिलेलं. त्यावर कुटुंब, शेजार, शाळा, प्रार्थना, सण. त्यावर प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्यांची मदत, नकिवालेसारखी. आणि अगदी वरचं छोटं मडकं तज्ज्ञांचं.

यातल्या दुसऱ्या मडक्याचं एक उदाहरण आपल्या कोल्हापूरजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने सायबेरियात हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे राहिले. त्यांच्यासाठी कोणी मानसोपचारक नव्हता. पण त्यांनी तिथे आपल्या भाषेतल्या शाळा काढल्या, चर्च उभं केलं, नाटकं बसवली, मुलांची स्काउट पथकं चालवली. त्यांचे हजारो देशबांधव त्याच सुमारास युगांडातल्या मसिंदी आणि कोजा इथल्या छावण्यांमध्ये होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

अलीकडचा एक प्रयोग तर आकाशवाणीवर बोलणाऱ्याला हेवा वाटावा असा आहे. युगांडाच्या वायव्येला ऱ्हायनो कॅम्प नावाची वसाहत आहे. दक्षिण सुदानच्या यादवीतून पळून आलेली कुटुंबं तिथे राहतात. त्यांतल्या बायकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक अभ्यासक्रम करून पाहिला. वीस-तीस बायका एकत्र बसतात आणि ध्वनिमुद्रित आवाज त्यांच्याशी त्यांच्याच जुबा अरबीत बोलतो. सोबत चित्रांचं पुस्तक असतं. आठवड्यातून एकदा दोन तास, असे पाच आठवडे. मनात वादळ उठलं की पाय जमिनीला टेकवून आजूबाजूला काय आहे ते पाहणं, त्रासदायक विचाराला नाव देऊन त्याच्या तावडीतून सुटणं, आपल्याला महत्त्वाची वाटणारी एखादी छोटी गोष्ट आज करणं, स्वतःशी मायेने वागणं. ध्वनिमुद्रण लावणाऱ्या आणि चर्चा घडवून आणणाऱ्या बायका थोड्या दिवसांच्या शिकवणीवर तयार झालेल्या. इथे कोणालाही आपली गोष्ट सगळ्यांपुढे सांगावी लागत नाही, आणि दाट वस्तीत ही मोठी सोय आहे. चौदा वस्त्यांमधल्या ६९४ बायकांवर झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मनावरचा ताण कमी झाला होता. तीन महिन्यांनी फरक थोडा ओसरला, पण टिकून होता. चमत्कार म्हणावा असं हे नाही. पण एका डॉक्टरला वर्षभरात जितक्या बायकांना भेटता येणार नाही, तितक्यांपर्यंत एक आवाज पोचला.

म्हणजे उपाय सापडले आहेत, ते स्वस्त आहेत, आणि ते करणारी माणसं वसाहतीतच मिळतात. तरी अडतं कुठे? सहा आठवडे शिकवून माणसाला सोडून दिलं की काम संपत नाही. रोज दुसऱ्याचे दगड उचलणाऱ्यालाही कोणीतरी अनुभवी माणूस लागतो, ज्याच्याशी आठवड्यातून एकदा बोलता येईल. बहुतेक प्रकल्पांचे पैसे दोन-तीन वर्षांत संपतात. संशोधक परत जातात, समुपदेशक तिथेच राहतात.

आणि आता तर तळचं मडकंच हललं आहे. मे २०२५ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने पैसे नाहीत म्हणून युगांडातल्या सुमारे दहा लाख निर्वासितांची अन्नमदत पूर्ण बंद केली. ज्यांना ती चालू राहिली त्यांचा शिधाही घटला. पाच आठवडे रोजगार बुडवून दोन-दोन तास एखाद्या झाडाखाली बसायचं, तर त्या दिवशी घरात शिजवायला काहीतरी असावं लागतं. समोर बसून गोष्ट लिहून घेणारा समुपदेशकही त्याच वसाहतीतला, त्यामुळे शिध्याच्या यादीत आपलं नाव राहिलं आहे की नाही, हे त्यालाही जाऊन पाहावं लागतं.